पोटात दुखतं म्हणणारा बळवंत

बळवंता, हे लिहूनच सांगते, कारण तोंडावर बोलायला लागलं की तू माडाच्या शेंड्याकडे बघत बसतोस. अरे, वाऱ्यात हेलकावणाऱ्या माडावर तू निवांत बिडी ओढतोस, आणि स्वतःच्या एका अवयवाचं नाव घ्यायचं म्हटलं की तुझी जीभ टाळ्याला चिकटते. वृषण. घे, लिहिलं मी. कोसळलं आभाळ?

एवढं लिहून माईंनी पेन आपटलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली ही बाई. लाजेपायी आजार अंगावर काढणारी माणसं बघितली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

पाम गावातल्या निम्म्याअधिक वाड्यांचे नारळ बळवंत उतरवी. कमरेला कोयता, पायांत दोरीचा फास. चढताना शब्द नाही, पण वर पोचला की तिथूनच गावाचा पंचनामा सुरू: कुणाच्या म्हशी कुणाच्या वालात शिरल्या, कुणाच्या सुनेनं वाळवणं उशिरा घातली. पस्तिशीचा गडी, लग्नाला तीन वर्षं झालेली. घरात अजून पाळणा हलला नव्हता, आणि सुगंधाला, त्याच्या बायकोला, गावातल्या बायका त्यावरून टोचत होत्या.

आणि एका हिवाळ्यात बळवंतानं चढणं बंद केलं. माईंच्या पत्र्यावर नारळ धडाधड पडू लागले. दोनदा निरोप धाडला, हा आला नाही. मग माई छत्री टेकत त्याच्या दारात.

"पोटात दुखतं यांच्या," सुगंधा म्हणाली. "तीनदा सोनोग्राफी झाली. पोट चोख हाय म्हनतात."

"कुठे दुखतं, दाखव."

बळवंतानं बेंबीवर बोट ठेवलं.

"आणि बसताना मांड्या कशाला फाकतोस?"

बळवंत वर बघू लागला. घरात माड नव्हता, म्हणून वाशाकडे. सुगंधा आत चुलीपाशी गेली आणि तिथूनच कडाडली, "सांगा ना आता! गाठ हाय, माई. खाली. रोज एरंडाचं पान शेकून बांधतात. त्या वासानं माझं डोकं उठतं!"

"पान कुणी सांगितलं?"

"बन्सीनं. उमरोळीचा, यांच्यासंगं नारळ काढतो तो. त्यालाबी हाय म्हने."

माईंनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, गाठ खाली आणि सोनोग्राफी पोटाची?"

"दवाखान्यात काउंटरवर पोरी असतात, माई. काय होतंय, मोठ्यानं इचारतात. मागं रांग. काय सांगू?"

"जे होतंय ते!"

"पोरींना?"

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. याला जावई कुठला, अजून मूल नाही. तरी हा सगळ्या जगाला जावई समजून बसलेला.

दुसऱ्याच दिवशी माईंनी त्याला रिक्षात घातला. काउंटरवर खणखणीत आवाजात त्यांनीच सांगितलं, आणि पोरीनं मान वर न करता लिहून घेतलं. बोईसरच्या एका डॉक्टरनं हायड्रोसील म्हणून पाणी काढायला सुई घातली. थेंब आला नाही. मग एकदाची योग्य जागेची सोनोग्राफी झाली. सुपारीएवढी घट्ट गाठ. वृषणाला चिकटलेली, पण त्याच्या बाहेर. कॅन्सरचा संशय घेऊन केलेल्या रक्ताच्या तपासण्या स्वच्छ.

"बहुतेक साधी आहे," पालघरचे सर्जन म्हणाले. "पण काढल्याशिवाय खात्री देता येत नाही, आणि ऑपरेशन चालू असताना गाठ तपासायची सोय इथे नाही. इथे केलं तर वृषणासकट काढावं लागेल. दुसरं आहे ना. नाहीतर मुंबईला जा."

"काढा," बळवंत म्हणाला.

माईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"काढू द्या, माई. मुंबईला जाऊन परत पयल्यापासून कुनाकुनाला सांगत बसू?"

सांगायला नको म्हणून हा माणूस अवयव द्यायला निघाला होता! माई काही बोलणार, तोच मागून सुगंधा म्हणाली, "आनि मी काय करू? परत माझ्याच नावानं खडे फोडतील बाया." ती रडत नव्हती, चिडली होती. बळवंतानं मान खाली घातली. मुंबईला गेले.

तिथे जांघेत छेद घेतला, वृषण वर ओढून गाठ तेवढी सोडवली. तुकडा लगेच तपासायला गेला, बळवंत तसाच टेबलावर. गाठ साधी निघाली. वृषण जागच्या जागी ठेवून टाके घातले. पुढे सविस्तर अहवालात नाव आलं, अ‍ॅडेनोमॅटॉइड ट्यूमर. विरळा, पण निरुपद्रवी. सहसा परत होत नाही. "उगाच गेलं असतं की," डॉक्टर म्हणाले. सुगंधानं तिथल्या तिथे हात जोडले.

पावसाळ्याआधी बळवंत पुन्हा माडावर. आणि वरून गावाला सांगतो काय? "अपेंडिक्स काढलं!" छेद जांघेत, कोण बघायला जातंय!

माई खालून ओरडल्या, "गावाला काय सांगायचं ते सांग. बन्सीला तरी खरं सांग! त्याची गाठ तुझ्यासारखीच असेल असं नाही. पाणी असेल, नाहीतर वाईटही असेल. पान बांधून कळत नाही."

"जातो हां, माई."

जायला निमित्त हवं म्हणून त्यांनी पिशवीत पाच न सोललेले नारळ भरले. बन्सीला दे, बस त्याच्याजवळ, आणि बोल. उद्या जातो, म्हणाला. मग बन्सी घरी नसतो, म्हणाला. मग त्याची बायको घरी असते, म्हणाला.

शेवटी माईंनी बन्सीला फोन लावला.

"मी? बरा हाय, माई. पोट जरा धरलंय. बळवंताचं अपेंडिक्स निघालं ना, माझंबी तेच असंल."

माई खरं काय ते सांगणार, तोच त्यानं फोन ठेवला. त्याच दिवशी माई बळवंताला ते पत्र लिहायला बसल्या होत्या. ते अर्धंच राहिलं. पिशवी अजून माईंच्याच ओटीवर आहे. नारळांना कोंब आलेत.