ताबा न घेतलेली भाची

याचिकाकर्ती: मेहरुन अत्तार, वय अठ्ठेचाळीस, धंदा घरकाम (साड्यांना पिको-फॉल करणे हा धंदा अभिलेखात आढळत नाही), वादग्रस्त मिळकतीचा ताबा कधीही न घेतलेली व्यक्ती.

मिळकत म्हणजे विश्रांतवाडीतल्या दोन खोल्या. मेहरुनच्या मामूंच्या, करीम शिकलगारांच्या. मामूंना मूलबाळ नव्हतं, आणि लकवा झाल्यावर त्यांचं हगणं-मुतणं काढायला भाचीशिवाय कोणी फिरकलं नाही. एका शुक्रवारी त्यांनी दोन साक्षीदार बोलावले, "हे घर मी मेहरुनला दिलं," म्हणाले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. मुसलमानांत असं तोंडी दान चालतं. त्याला हिबा म्हणतात. एकाने द्यावं, दुसऱ्याने घ्यावं, देणाऱ्याचा ताबा सुटावा, एवढंच.

मेहरुनने किल्ली डोळ्यांना लावली आणि पुन्हा मामूंच्या उशाखाली सरकवली. पोरगी वळणाची आहे, असं साक्षीदार म्हणाले.

पुढे विजेच्या मीटरवर नाव चढवायचं म्हणून तिच्या नवऱ्याने, अल्ताफने, झालेली हकीकत स्टँपपेपरवर लिहवून मामूंचा अंगठा घेतला. मामू गेले आणि सरकारने तो कागद धरला. म्हणे, तोंडी दानाला शुल्क नसतं, पण हे दान या कागदानेच झालं. तेव्हा पूर्ण मुद्रांक शुल्क भरा, वर दंड.

मुद्रांक कार्यालयातल्या साहेबांनी चौकशी केली.

"बाई, किल्ली परत का केलीत?"

"आजारी माणसाला कुलपात घालून किल्ली घेऊन जाऊ का, साहेब?"

"म्हणजे परत केलीत."

"मग काय करायचं होतं?"

"एक दिवस त्यांना बाहेर हलवायचं. ताबा सुटतो."

"अहो, त्यांना कूस बदलता येत नव्हती."

"तो वैद्यकीय प्रश्न झाला," साहेब म्हणाले आणि चहा मागवला. एकच.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला तेव्हा तिचे वकील सुदर्शन यांनी तो फोनवर वाचून दाखवला. न्यायालयाला तिच्या सेवेविषयी नितांत आदर वाटत होता. तिच्या संस्कारांचं कौतुक दीड परिच्छेद चाललं, आणि त्याच संस्कारांपायी ताबा सुटला नाही, म्हणून तोंडी दान पुरं झालं नाही, सबब दान कागदानेच झालं आणि शुल्क दंडासह कायम झालं. लाभार्थीकडे स्थावर मिळकत असल्याने तिला विशेष झळ पोचणार नाही, असंही नमूद होतं.

"भाषा मात्र सुरेख आहे," सुदर्शन म्हणाले.

"किती भरायचे?" मेहरुनने विचारलं.

शुल्क आणि दंड भरण्यासाठी तिने ते घर विकलं.