गेटबाहेरची बाई

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर ती भर उन्हात उभी होती. घरात माणसं किती, खर्च कशावर होतो, हे विचारायला आलेली सरकारी सर्वेक्षणाची बाई. गळ्यातलं ओळखपत्र ती पदराने पुसून पुन्हा पुन्हा वर धरायची. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या घरांतून वॉचमनला इंटरकॉमवर एकच उत्तर येत होतं, "पाठवू नका." मॉलच्या सोडतीसाठी पगारासकट सगळं लिहून देणारी ही माणसं. वस्ती वाढली तरी सरकार पाणी वाढवत नाही, म्हणून मीटिंगमध्ये ओरडणारीही हीच.

चिडून मी म्हटलं, "माझं घर लिहा."

"निवडलेलीच घरं चालतात, दादा," ती म्हणाली. "पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावर लोक आधी बसायला गोधडी टाकतात, मग बोलतात. इथं उभ्यानंच काम होतं. माहिती देण्यास नकार, एवढंच तर लिहायचं."