हत्तीच्या सोंडेवरचा हिरवा ठिपका

आमचं अख्खं कुटुंब आजवर एकदाच जेवणाच्या टेबलाखाली गेलं, आणि ज्या वस्तूमुळे गेलं ती पेनाएवढी होती. (भूकंपाचा धक्का बसला तेव्हा आम्ही टेबलाखाली गेलो नव्हतो. गॅलरीत उभं राहून शेजाऱ्यांना "तुम्हाला जाणवला का?" विचारत होतो.)

वस्तू आणली होती मी, आईसाठी.

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. ती निवृत्त झाली, पण तिचा आवाज काही निवृत्त झाला नाही. घाटकोपरच्या आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, ग्रंथवाचन चालतं. ते संपलं की विहारातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून, डबे भरून, बस करून कान्हेरीच्या लेण्यांना जातात. तिथल्या मोठ्या चैत्यगृहात उभं राहून सगळं समजावून सांगायचं काम आईचं. खांबांच्या माथ्यावरचे हत्ती, त्यांच्या सोंडेतले कलश, स्तूपापुढे हात जोडलेली माणसं, सगळं तिला पाठ! आणि सांगतेही अशी, की दगड ऐकत असावा.

"या लेण्यांना दान कुणी दिलं?" ती विचारते. "नुसत्या राजांनी? छे! कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलं, सोनारांनी दिलं, लोहारांनी दिलं. म्हणजे आपल्यासारख्याच, लांबून येणाऱ्या, कामधंदा करणाऱ्या माणसांनी!" हे ऐकून कल्याणहून लग्न होऊन आलेल्या बायका अशा ताठ होतात, जणू पावती त्यांच्याच नावाने फाडली होती.

पण गेल्या वर्षी घोटाळा झाला. आत अंधार, हत्ती उंचावर आणि आईचं बोट आपल्या जागी. तिने छत्री वर केली, तर पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

"कुठला हत्ती, बाई?" मागून एकीने विचारलं.

"तो गं, डावीकडचा."

"तुमच्या डावीकडचा की आमच्या?"

"दिसला! दिसला! कान हलवतोय बघा!"

"अगं बये, ते वाघूळ आहे!"

झालं! पुढचा सगळा वेळ बायकांनी वाघूळ बघण्यात घालवला. परतताना आई बसमध्ये खिडकीशी बसून छत्री गुंडाळत राहिली. घाटकोपर आल्यावर एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी कुणी तरुण बाई सांगू दे. मला आता दाखवायला येत नाही." आईच्या तोंडून "येत नाही" हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. मला फार वाईट वाटलं.

म्हणून या वर्षी सहल जवळ आली तेव्हा मी घोषणा केली, "आईला लेझर पॉइंटर आणू. हिरवा!"

हिरवा ही कल्पना माझी नव्हे, माझ्या बायकोची. सुजाता वस्तू घेण्याआधी वाचते. मी घेतल्यानंतर वाचतो, तेही बिघडली तर. तिने वाचलं होतं की आपल्या डोळ्याला लालपेक्षा हिरवा ठिपका जास्त उठून दिसतो, त्यामुळे कमी ताकदीतही काम भागतं. मी बूट घालत असताना तिने मला बजावलं, "एक मिलीवॅटच्या आतला घे. क्लास दोन, डोळ्यांना कमी धोक्याचा. बनवणाऱ्याचं नाव छापलेला. आणि बटण दाबून धरलं तरच पेटणारा. काय घ्यायचंय?"

"हिरवा," मी म्हणालो आणि निघालो.

आता इथे आमच्या घराण्याची रीत सांगायला हवी. आमच्याकडे कुठलीही वस्तू वाढत्या अंगाची घेतात. शाळेचा गणवेश दोन मापं मोठा, चपला पुढे कापूस घालून, आणि घरात माणसं तीन असली तरी कुकर पंगतीचा! नेमक्या मापाची वस्तू घेणं म्हणजे दुकानदाराकडून फसणं, असं मी लहानपणापासून मानत आलो आहे. त्यामुळे स्टेशनजवळच्या गल्लीतल्या दुकानात शिरलो तेव्हा माझं काय होणार ते ठरलेलंच होतं.

"एक मिलीवॅट?" दुकानदार कळवळून हसला. "साहेब, त्यात काय दिसणार? हा घ्या. दहा किलोमीटर जातो! माचिस पेटवतो, फुगा फोडतो. एकदम झकास आयटम!"

हत्ती होता फार तर दुमजली घराएवढ्या उंचीवर. पण दहा किलोमीटर म्हटल्यावर माझ्यातला वाढत्या अंगाचा माणूस जागा झाला.

"याच्यावर तर पाच मिलीवॅटच्या आत असं लिहिलंय," मी अभ्यासू चेहऱ्याने म्हणालो.

"स्टिकर सगळ्यांना एकच असतो, साहेब!" तो म्हणाला. हे ऐकून कुणीही शहाणा माणूस दुकानाबाहेर पडला असता. मीही पडलो, पण पेन घेऊन.

रविवारची सकाळ होती. टेबलावर पोहे होते. शेजारचे परब काका आले होते. (परब काका आमच्याकडे येत नाहीत, असतातच. मालवणहून मुंबईला आले ते गिरणीत, आणि गिरणी गेल्यापासून आमच्या टेबलावर.) मी पेन उंचावून म्हणालो, "आई, तुझा हत्ती आता सुटत नाही!"

"डब्यावर काय लिहिलंय?" सुजाताने विचारलं.

"डबा नव्हता. पिशवीत दिलं."

"मिलिंद, थांब! लावू नकोस!"

पण मी बटण दाबलं होतं.

आता आईच्या स्वयंपाकघरातली मांडणी. स्टीलचे डबे, उतरत्या क्रमाने, आणि रोज असे घासलेले की परब काका जाता येता त्यांत भांग पाडतात. माझ्या पेनातला झोत निघाला, डब्यावर आदळला आणि डब्यावरून घरभर सुटला! छतावर हिरवा, भिंतीवर हिरवा, परब काकांच्या बनियनवर हिरवा. मी बटण सोडलं. झोत चालूच! एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, अशी त्याची सोय होती, आणि त्या परतच्या दाबाला त्याने साफ नकार दिला.

"खिडकीकडे कर!" परब काका ओरडले.

"खिडकीकडे करू नकोस! विमान येतंय!" सुजाता त्यांच्याहून मोठ्याने ओरडली.

घाटकोपरला विमानं आमच्या डोक्यावरून इतक्या खालून उतरतात की फोनवर बोलताना आम्ही मध्ये थांबतो, आणि पलीकडच्यालाही ते कळतं. आणि नेमकं त्याच वेळी एक येतच होतं! वैमानिकाच्या डोळ्यांवर झोत गेला तर काय होईल, तेवढं मलाही माहीत होतं. मी गर्रकन वळलो आणि पेन दाराच्या बाजूला रोखून धरलं. दारामागे आईची काळी छत्री लटकत होती. तिच्यातून धूर निघू लागला.

"डोळे मिटा! सगळे टेबलाखाली!" आई गरजली.

तो आवाज महापालिकेच्या शाळेतला होता. त्यापुढे वय, नातं, मालवण काही टिकत नाही. सुजाता गेली, परब काका पोह्यांची बशी घेऊन गेले, आई गेली, आणि आज्ञाधारक मुलासारखा मीही गेलो. पेटलेलं पेन घेऊन!

"अरे मेल्या, ता भायर ठेव!" परब काका किंचाळले. "हय खय घेऊन इलंस?"

मग आईने जे केलं ते मी मिटल्या डोळ्यांनी फक्त ऐकलं. तिने चाचपडत माझं मनगट पकडलं, पेन काढून घेतलं, मांडणीच्या सर्वांत खालच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पेन तोंडाकडून तांदळात खुपसलं. खसकन आवाज आला. झाकण लागलं.

"उघडा डोळे," आई म्हणाली. तिचा श्वाससुद्धा वाढला नव्हता!

नंतर सुजाताने सगळ्यांना ओळीत बसवून, एकेक डोळा झाकून वर्तमानपत्र वाचायला लावलं. परब काकांनी निधनवार्तांतला सर्वांत बारीक मजकूर खणखणीत वाचला आणि शेवटी म्हणाले, "हो पण माका वळखीचो होतो." म्हणजे डोळे शाबूत होते. पेनातले सेल काढून आईने त्याचा खलबत्त्यात पार चुरा केला.

छत्रीला भोक पडलं, त्याचं कुणालाच काही नव्हतं. पण चुरा पुडीत बांधताना आई शांतपणे म्हणाली, "राहू दे रे. हत्ती इतकी वर्षं तिथे आहेत, ज्यांना दिसायचे त्यांना दिसतील. मी नाही बोलणार या वर्षी." आणि ती मांडणीवरचे डबे परत ओळीत लावू लागली. तिने मला रागावायला हवं होतं. रागावली असती तर माझ्या घशाखाली पोहे उतरले असते.

"आई, आपण दोघी जाऊ या," सुजाता म्हणाली. "याला घरी ठेवू."

(मी गेलो. पिशवी धरायला माणूस लागतोच.)

सुजाताने मुलुंडला एक दुकान शोधलं होतं, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना सामान देणारं. तिथे आईने चष्मा नाकावर खाली घेतला आणि दुकानदाराची तोंडी परीक्षा सुरू केली. बटण सोडल्यावर विझतो? दाखवा. परत दाखवा. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता? मिलीवॅट कुठे लिहिलेत? मग सुजाताने विचारलं, "स्वस्त हिरव्या लेझरमधून न दिसणारे किरणही बाहेर पडतात म्हणे. ते अडवायची काच आत आहे का?" दुकानदार सरळ उभा राहिला आणि दोघींना "मॅडम" म्हणू लागला. मला तो "भाऊ, जरा बाजूला" म्हणाला.

शेवटी जे पेन निवडलं ते बघून माझा जीव थोडा थोडा झाला. एवढंसं! माचिस नाही, फुगा नाही, काही नाही.

"हे तर काहीच जाळत नाही!" मी म्हणालो.

"आपल्याला हत्ती दाखवायचाय, भाजायचा नाही," आई म्हणाली. आणि त्या रविवारनंतर ती पहिल्यांदा हसली.

सहलीच्या दिवशी पहारेकरी पुढे आला. "मॅडम, हे काय?"

आईने लेबल त्याच्यापुढे धरलं. "बघा, एक मिलीवॅटच्या आतला आहे. दगडावर नुसता उजेड पडतो. माणसाच्या तोंडावर मारणार नाही. चालेल?"

"वटवाघळांवर पण मारू नका."

"शब्द दिला."

"मग चालेल," तो म्हणाला आणि स्वतःच ऐकायला उभा राहिला.

मग आईने एक गोष्ट केली, जी तिने इतक्या वर्षांत कुठल्याच वर्गात केली नसेल. तिने वर्गाकडे पाठ केली. "सगळ्या माझ्या मागे या," ती म्हणाली. "माझ्या पुढे कुणी थांबायचं नाही. बघायचं ते ठिपक्याकडे, पेनाकडे नाही." साऱ्या पांढऱ्या साड्या तिच्या मागे गोळा झाल्या. आईने हात वर केला, बटण दाबलं, आणि त्या काळोखात खांबाच्या माथ्यावर एक हिरवा ठिपका उमटला. तो हत्तीच्या कपाळावरून हळूहळू सोंडेवर उतरला, सोंडेतून कलशापाशी आला आणि तिथे थांबला.

"अगं बाई," कुणीतरी पुटपुटलं. "खरंच हत्ती!"

पुढे कुणीही डावं-उजवं केलं नाही. ठिपका या खांबावरून त्या खांबावर जात होता आणि त्याच्यामागे आईचा आवाज. पूर्वी हे दगड कोरणाऱ्यांचे हात तिने असे उभे केले, की मला छिन्नीचा आवाज यायला लागला. किती सुंदर बोलते ही बाई! मी जन्मभर तिच्या हातचं जेवलो, तिचा ओरडा खाल्ला, पण ती कोण आहे ते मला त्या अंधारात उभं राहून कळलं. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले.

सुजाताने माझा दंड धरला. "मिलिंद! डोळ्यांतून पाणी? पेनात बघितलंस का तू?"

"नाही गं."

"मग का येतंय?"

माझ्या आजूबाजूला विहारातल्या सगळ्या मावश्या कान देऊन उभ्या होत्या. केस पिकत चाललेला माणूस मी, आई छान बोलते म्हणून रडतोय, हे कसं सांगणार?

"थोडंसं बघितलं," मी म्हणालो.

तेव्हापासून आईला मुलुंड, भांडुप, जोगेश्वरी, कुठकुठल्या विहारांतून बोलावणी येतात. ती भिंतीवर लेण्यांची चित्रं लावून, तोच ठिपका फिरवत बोलते आणि माणसं माना न हलवता ऐकतात. भाषण संपताना ती पेन बंद करते आणि सगळ्यांना सांगते, "कितीही कमी ताकदीचा असला तरी याच्यात बघायचं नाही. बघितलं तर काय होतं? मिलिंद, उभा राहा." मी उभा राहतो. तिचं बोलणं ऐकून माझे डोळे तोवर वाहतच असतात, त्यामुळे आईचं प्रात्यक्षिक आजवर एकदाही फसलेलं नाही.