सदाची गाठ

आधीच सांगून टाकतो, मी वायरमन आहे. टेस्टर पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही, एवढाच माझा धर्म. चकवा, हडळ, मुंजा... या ग्रुपवर येणारे अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि कप विसळताना विसरून जातो. एक दिवस मीच इथे लिहायला बसेन असं कुणी म्हणालं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण हे मनातून जात नाही, आणि घरात कुणाशी बोलावं तर बायको लगेच मीठमोहऱ्या घेऊन उभी राहते.

जागा म्हणजे मुरुडच्या जरा बाहेर, समुद्राच्या अंगाला असलेली सुक्या मासळीच्या पॅकिंगची शेड. वर पत्रा, त्याखाली तो पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, खाली लांबच लांब टेबलं. तिथे जमिनीवरून वायर नेता येत नाही, फरशी सारखी पाण्याने धुतात. भिंतीवरचे पॉइंट खाऱ्या हवेने खाऊन टाकलेले. म्हणून वीज वरून द्यायची. कैचीला हूक, हुकातून जाड वायर खाली आणि तिच्या टोकाला सॉकेट. बाईने टेबलापाशी उभं राहून हात वर करायचा, मशीनची पिन खोचायची आणि पिशव्या सील करायला लागायचं. हॉटेलांची किचन, गॅरेज, शिवणाचे कारखाने... रेवसपासून मुरुडपर्यंत असली लटकती सॉकेट आम्ही दोघांनी पुष्कळ लावली.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि सदा. मी आतल्या भातशेतीच्या गावचा, तो मुरुडच्या कोळीवाड्यातला. आयटीआयला एका बाकावर बसलो ते पुढे धंद्यातही एकत्रच राहिलो. लटकत्या सॉकेटमध्ये सगळा खेळ गाठीचा असतो. वायरीचं वजन स्क्रूवर आलं तर वायर निसटते आणि कुणाच्या तरी जिवावर बेततं. मी सरळ प्लास्टिकची टाय आवळतो. सदा मात्र होडीवरच्या दोराची गाठ वायरीला मारायचा, त्यात स्वतःचा एक जादा वेढा घालून. वजन आलं की ती धरायची, खालून जरा ढिलं दिलं की सरकायची. म्हणजे शिडी न लावता सॉकेट वर-खाली. वर पिवळी टेप, आणि टेपेचं टोक दुमडून एक छोटी शेपटी ठेवायचा, पुढे कुणाला उघडायची झाली तर नख मोडायला नको म्हणून.

मला त्याने ती गाठ कितीदा तरी शिकवली. मला जमली नाही ती नाहीच.

"शेतकऱ्या, ही वायर हाय रं, बैलाचं दावं न्हाय," म्हणून हसायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर मासेमारी सुरू झाली. त्याचा धाकटा भाऊ हरेश, त्याच्या होडीवर माणूस कमी पडत होता, म्हणून सदा काही दिवस गेला. वारं फिरलं. होडी परत आली, सदा आला नाही. सगळ्या होड्यांनी मिळून शोधलं, पार दिघीपर्यंत किनारा पाहिला. देह काही मिळाला नाही.

देह मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात. पण सुरेखा वहिनी, सदाची बायको, तयार होईना. "मी बघितल्याबिगर कसं मानू?" एवढंच म्हणायची. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. रात्री त्याचं ताट वाढायची आणि सकाळी ते अन्न कावळ्याला नाही, कुत्र्याला घालायची. हरेश मला गाठून सांगायचा, "दादा, तुमचं ऐकंल ती. भावाला वाट मोकली करून द्यायला नको का आपन?" मी हो हो म्हणायचो आणि वहिनीसमोर गेलो की भलतंच बोलायचो. खरं सांगू? मीही नवा जोडीदार घेतला नव्हता. सदाची हत्यारांची पिशवी माझ्या टेम्पोत सीटखाली तशीच होती.

वहिनी त्या शेडमध्येच कामाला लागली होती. तिथे टेबलांची नवी रांग टाकली, तिची सॉकेट लावायचं काम मला मिळालं. एकट्याने केलं. संध्याकाळी मॅनेजरने बायकांना हात पोचतो का बघायला लावलं. सगळ्यांचा पोचला. वहिनी बुटकी, तिने टाचा उंचावल्या तरी बोटं खालीच राहिली.

"यांनी आंदी मना उभी करून बघितली असती, मंग लावलं असतं," ती म्हणाली. रागाने नाही, सहजच. पण मला ते चांगलंच लागलं. सकाळी येऊन खाली घेतो म्हणालो, शिडी टेम्पोवर टाकली आणि घरी गेलो. त्या रांगेचा मेन स्विच बंद, त्याच्या कुलपाची चावी माझ्या खिशात.

सकाळी बायका यायच्या आधी पोचलो. शेडचं कुलूप वॉचमनने माझ्यासमोर उघडलं. शिडी खांद्यावर घेऊन आत शिरलो तर... वहिनीच्या टेबलावरचं सॉकेट खाली आलेलं होतं. बाकीची होती तिथेच. शिडी लावून वर चढलो. माझी टाय कापलेली, आणि तिच्या जागी गाठ. तो जादा वेढा. वर पिवळी टेप, टोकाला दुमडलेली शेपटी. माझ्याकडे या कामाला फक्त काळी टेप होती.

माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "आला!"

शिडीवरच रडू आलं मला. आनंदाने. जिवंत आहे, कुठेतरी किनाऱ्याला लागला असणार, परत आलाय, आता पाठीमागून "शेतकऱ्या" म्हणून हाक मारणार. खरोखर वळून पाहिलं मी. रिकामी टेबलं आणि सुक्या बोंबलाचा वास.

मग डोकं चालवलं. वॉचमन म्हणाला, कुणी आलं नाही. कॅमेरे बसवणारा अजून उगवायचाच होता. ही गाठ येईल असा दुसरा माणूस म्हणजे हरेश. त्याला फोन करून बोलावलं. तो गाठीकडे बघतच राहिला. त्याला वायरीचा तुकडा दिला, त्याने दोनतीनदा प्रयत्न केला, दर वेळी वायर सटकली. "होडीची गाठ मना येते दादा," तो म्हणाला, "ही त्याची हाय." आता वहिनी हे बघणार, आणि मग जन्मभर ताट वाढत बसणार, ही त्याला भीती. मलाही. गाठ सोडून टाय लावू या का, असं तो म्हणाला. मी शिडीवर चढलोसुद्धा. हात लागेना.

बायका आल्या. मी मेन स्विच चालू केला. वहिनीने टेबलापाशी उभं राहून हात वर केला. पोचला. टाच न उचलता. तिने वर गाठीकडे पाहिलं, पिन खोचली आणि काम सुरू केलं.

जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी आली. हरेश बाजूलाच होता.

"भावोजी, ही तुमी मारली?"

हो म्हणालो असतो तर सगळं सोपं होतं. हरेश डोळ्यांनी विनवत होता. पण माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही.

"नाही वहिनी."

 तिने पदराने तोंड पुसलं.

"मंग ते गेले," म्हणाली. "जिते असते तं घरी आले असते ना, भावोजी? दार उघडंच ठेवते मी. मना भेटल्याबिगर शेडमदी कशाला आले असते?"

ती हरेशकडे वळली आणि भटजींना विचारून दिवस बघ म्हणाली. परत टेबलापाशी गेली आणि सुट्टी संपायच्या आतच मशीन चालू केलं.

क्रिया झाली. ताट वाढणं थांबलं.

तुम्ही विचाराल, मग ते काय होतं? माहीत नाही. कुणीतरी कोळीवाड्यातला गुपचूप शिडी घेऊन आला असेल, सदाने कधी त्याला शिकवलं असेल, असं मी स्वतःला समजावून बघतो. पण कुलूप, वॉचमन, पिवळी टेप... काहीच बसत नाही. मध्यंतरी गंजलेली सॉकेट बदलली, तेव्हा ती गाठ तशीच ठेवली. सरकत नाही, सैल होत नाही.

वहिनीला जे एका जेवणाच्या सुट्टीत कळलं ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. कारण सदाची पिशवी मी टेम्पोतून काढलेली नाही. तिच्यातला पिवळ्या टेपचा रोल किती शिल्लक आहे, हे मी उघडून बघितलेलं नाही.