वंगणाचा नळा

सास्तूरच्या गुंडाप्पांच्या घरात, दारामागच्या खिळ्याला बांबूचा एक नळा टांगलेला आहे. वीतभर लांबीचा, तेल पिऊन पिऊन काळाकुळकुळीत झालेला. आत एरंडेलात भिजलेली चिंधी. बैलगाडीच्या आसाला द्यायचं वंगण त्यात असायचं. आता बैलं नाहीत, गाडीही नाही. गुडघे बोलायला लागले तशी त्यांनी दोन्ही विकली, पण नळा काही कुणाला दिला नाही.

मिसरूड फुटायच्या आधीपासून ते गाडी हाकत आले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवं गाव उभं राहत होतं, तेव्हा जुन्या गावातले दगड, पत्रे, भांडीकुंडी त्यांच्याच गाडीतून इकडं आली. एका म्हातारीचं जातं त्यांनी मांडीवर धरून आणलं होतं, खाली ठेवलं तर धक्क्यानं फुटेल म्हणून. त्यांची गाडी दारात येऊन थांबली तरी कळायचं नाही, असं अजूनही लोक सांगतात. चाक कधी कुरकुरलंच नाही. "गाडी वरडली की समजावं, गाडीवान झोपलाय," असं ते म्हणायचे, आणि दुसऱ्या कुणाची गाडी ओरडत गेली तर बसल्या जागी अस्वस्थ व्हायचे.

आता त्यांच्या अंगणात पांढरी मोटार उभी असते. ती चालवते त्यांची सून, दैवशाला. मुलगा श्रीशैल गळिताच्या हंगामात ढोकीला कारखान्यावर असतो. दैवशाला गावातल्या सात मुलींना सकाळी लोहाऱ्याच्या कॉलेजात सोडते आणि दुपारी आणते. यातल्या निम्म्या मुलींचं शिक्षण दहावीलाच थांबलं असतं. गाडी बाई चालवते म्हणून घरच्यांनी होकार दिला. शिवलिंगप्पांनी तर मुलीला पाठवतानाच सांगितलं होतं, "दैवशाला, तुझी गाडी हाय तवर हिचं कॉलेज हाय. येष्टीच्या गर्दीत म्या पोरगी धाडणार न्हाय."

दैवशालानं हे वाक्य हसून घेतलं, पण विसरली नाही.

गुंडाप्पा रोज गाडी पुसत. काचा, दारं, चाकं. मात्र एक गोष्ट त्यांना सलत होती. या गाडीला वंगण कुठं द्यायचं, हे कुणी दाखवत नव्हतं.

"आप्पा, तिला लागत न्हाय," दैवशाला सांगायची. "सगळं आतून बंद असतंय. कंपनीनंच भरून दिलंय, गाडीच्या आयुष्यभराचं."

"आयुष्यभराचं? कुणाच्या आयुष्याचं?"

"गाडीच्या, आप्पा. तुमच्या न्हाय."

सगळे हसले. गुंडाप्पाही हसले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. फिरणारी वस्तू आणि तिला तेल लागत नाही, हे त्यांच्या हातांना मान्य नव्हतं.

मग येळवस आली, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या अमावस्येला गाव रिकामं होतं आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, बांधायची, पूजा करायची, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील शेतातच जेवायची. शेताकडं निघण्याआधी आसाला वंगण द्यायचं, हा गुंडाप्पांचा जन्माचा नेम. वर्षाचा सण, आणि चाक कोरडं न्यायचं?

दैवशाला आणि तिची सासू सिताबाई आत आंबिलीच्या बिंदगीला, म्हणजे घागरीला, फडकं बांधत होत्या. गुंडाप्पांनी गाडीखाली पोतं अंथरलं आणि नळा घेऊन आडवे झाले. पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला त्यांना भात्यासारखा, घड्याघड्यांचा रबर दिसला. बोटांनी दाबून पाहिला. आत काहीतरी दाट, ओलसर हललं. म्हणजे आस इथंच. पण वंगण घालायला भोक नव्हतं. ते त्यांनी केलं. चाकूच्या टोकानं, नखाएवढं. एरंडेल सोडलं, चाकाला हळदकुंकू लावलं आणि अंग झटकून उठले. त्या दिवशी शेतात त्यांनी दोनदा मागून आंबील घेतली.

दुसऱ्याच दिवशी चाकाच्या आतून काळं वंगण उडालेलं त्यांना दिसलं. त्यांनी ते पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुसलं. मग रोजच. सून म्हणायची, "आप्पांचा लई जीव बसलाय गाडीवर." ते मान खाली घालून फडकं पिळायचे.

पुढं काळं उडायचं थांबलं. गुंडाप्पांना वाटलं, जखम भरली. खरं तर उडायला आत फारसं काही उरलंच नव्हतं. त्या जागी शेतरस्त्याचा फुफाटा गेला होता.

माघात गाडी ओरडायला लागली. सरळ रस्त्यावर काही नाही, पण गल्लीच्या कोपऱ्यावर पुरं वळण घेतलं की पुढून कट-कट-कट असा आवाज यायचा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा गुंडाप्पांनी चहाची भरली बशी तशीच खाली ठेवली.

मोटारी दुरुस्त करणारा गफार मिस्त्री नेमका त्याच आठवड्यात लेकीकडं भूमला गेला होता. दैवशालानं शहरातल्या शोरूमला फोन लावला. पलीकडचा माणूस नीट बोलला. आवाज गिअरबॉक्सचा असू शकतो म्हणाला. तो सीलबंद असतो, त्यातलं तेल बदलायचं नसतं, त्यामुळं बाहेरून काही समजणार नाही. गाडी आणून ठेवा, खोलून बघू. पार्ट मागवावा लागला तर महिनाही जाईल.

फोन ठेवून ती पायरीवर बसली. सोमवारपासून बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा होत्या.

"एक महिना," ती सिताबाईंना म्हणाली. "आत्या, महिना झाला म्हंजे शिवलिंगप्पा मामा पोरीचं दप्तर माळ्यावर टाकतेत. आन एकानं टाकलं की बाकीचे वाटच बघायलेत."

गुंडाप्पा दाराशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि बैलं नसलेल्या गोठ्याकडं निघून गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत. पोटात गुबारा धरलाय, म्हणाले.

शनिवारी सकाळी दैवशाला गाडी घेऊन शहराकडं निघाली, तर पुढच्या सीटवर गुंडाप्पा आधीच बसलेले. धुतलेला पटका, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"तुम्ही कुठं, आप्पा?"

"आधी गफारकडं घे. त्यो काल आलाय."

"त्यो काय करणार? गिअरबॉक्स हाय म्हणतेत."

"न्हाय गिअरबॉक्स," गुंडाप्पा समोर बघत म्हणाले. "घे तू."

गफारचं गॅरेज लोहारा रस्त्याला लागूनच आहे. दैवशालानं तिथल्या मोकळ्या जागेत पुरं स्टिअरिंग फिरवून गाडी वळवली. कट-कट-कट. गफारनं चहाचा कप खाली ठेवला आणि काही विचारणार, तोवर गुंडाप्पा उतरले. त्यांनी फडकं सोडलं. आत नळा होता.

"गफार, म्या येळवशीला वंगण घातलंय. पुढच्या चाकापाशी त्यो रबर हाय न्हवं, भात्यावाणी, त्याला चाकू लावून. त्याच्यापायीच वरडतीय. ही पोरगी उगं महिनाभर गाडी ठेवायला निघालीय."

गफारनं नळ्याकडं पाहिलं, गुंडाप्पांकडं पाहिलं. "या अल्ला! आप्पा, मोटारीला एरंडेल पाजलं व्हय? जुलाब न्हाय झाले तिला?"

कुणी हसलं नाही. दैवशाला सासऱ्यांकडं बघत होती.

"दोन महिने झाले, आप्पा. तुम्ही रोज पुसत हुता ते…"

"व्हय."

"मला का न्हाय सांगितलं?"

गुंडाप्पांनी पटका सारखा केला. "सांगितलं असतं तर परत गाडीला हात लावू दिला नसतास."

गफार तोवर जॅक लावून गाडीखाली गेला होता. बराच वेळ नुसता पान्याचा आवाज येत राहिला. मग चाकाचा तो सांधा बाहेर आला. मातीनं माखलेला, कोरडा. गफारनं तो रॉकेलच्या डब्यात बुडवून ब्रशनं घासला, उन्हात धरला, आतली एकेक लोखंडी गोळी बोटानं फिरवून बघितली. गुंडाप्पा त्याच्या चेहऱ्याकडं असे बघत होते, जसे एके काळी बैलाचा खूर तपासणाऱ्या डॉक्टरकडं बघत असतील.

"गोळ्या शाबूत हायेत," गफार म्हणाला. "एका जागी जरा घासलंय, पर चालतंय. गिअरबॉक्सला काय धाड न्हाय भरली. नवा रबर टाकतो, माझ्याकडं हाय. सांजच्याला घेऊन जावा, बाई."

दैवशाला तिथंच टायरच्या ढिगावर बसली. "सोमवारी न्हेऊ ना मी पोरींना?"

"सोमवारी न्ह्या, मंगळवारी न्ह्या. थोडे दिवस एखादी कट ऐकू यील, भिऊ नका. अजून महिनाभर कोरडी पळवली असती, तर मग म्या सुदिक हात टेकले असते."

तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि पदराआडून एकदम हसू फुटलं. "एरंडेल पाजलं म्हणं!"

आता गफारही हसला. त्यानं काळ्या वंगणाची पिशवी फोडली आणि सांधा गुंडाप्पांपुढं धरला. "या हिकडं. भरा. हा रबर म्हंजे तुमचा नळाच हाय, आप्पा. फकस्त कंपनीनं आत टांगलाय, आन तोंड बांधून दिलंय. धूळ जाऊ नये म्हणून बांधलंय, तुम्हाला लांब ठेवावं म्हणून न्हाय."

गुंडाप्पांनी बाही वर केली. बोटांनी वंगण एकेका गोळीमागं दाबून भरलं, कडेचं अंगठ्यानं सारखं केलं. नवा रबर चढला, पट्टी आवळली गेली. त्यांनी तो हलकेच दाबून पाहिला. आत काहीतरी दाट, ओलसर हललं.

"आता उघडायचं न्हाय," गफार म्हणाला.

"न्हाय उघडत."

परतताना गाव जवळ आलं. दैवशाला रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "आप्पा, मागच्या दाराच्या बिजागऱ्या वरडायल्यात. तेवढं उद्या बघा."

"एरंडेल चालंल का तिथं?"

"तिथं चालंल."

सोमवारी सकाळी सातही मुली गाडीत बसल्या. शिवलिंगप्पा मुलीला सोडायला आले होते, उभ्या उभ्या पान खाऊन निघूनही गेले. त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. गुंडाप्पा गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन थांबले होते. गाडी कोपऱ्यावर आली, पुरी वळली, सावकाश, खडीवरून. दैवशालानं काच खाली करून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी हात हलवला, जा.

सिताबाई केर टाकायला बाहेर आल्या, तरी ते तिथंच उभे.

"काय ऐकायलाव?"

"कायबी न्हाय."

"मग हसताव कशापायी?"

"कायबी ऐकू आलं न्हाय म्हणून," गुंडाप्पा म्हणाले, आणि बिजागऱ्यांसाठी नळ्यातली चिंधी ओली करायला घराकडं वळले.