झोक्यावरचा हायड्रोजन

साताऱ्याहून सांगलीला कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली मुलगी. नागपंचमीच्या सुट्टीत घरी आले, तर वाईहून माझ्यासाठी स्थळ आलेलं. माझे वडील, अण्णा, वकील होते. म्हणाले, "तू तिथं शिकतेस काय, ते मला सांग. पटलं तर परत जा. नाही तर बघायचा कार्यक्रम ठरवू."

मी सगळ्यात नवीन तेच निवडलं. आमचे तरुण प्राध्यापक अभ्यासक्रमाबाहेरचंही शिकवत, त्यातलं. आता तुम्हा मुलांच्या पुस्तकांत याची रंगीत चित्रं असतात. आमच्याकडे नुसता खडू होता.

"अणूत इलेक्ट्रॉन लाटेसारखा पसरलेला असतो. त्याला ऑर्बिटल म्हणतात. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की दोन ऑर्बिटलं मिसळून रेणूचं एक होतं."

"दोनाचं एक? मग दुसरं गेलं कुठं?"

घाईत मी निम्मंच सांगितलं होतं. अंगणात पंचमीचे दोन झोके अजून बांधलेले होते. एकावर धाकट्या बहिणीला बसवलं, दुसऱ्यावर मी, आणि मधले हात एकमेकींच्या हातात. दोघी बरोबरीनं गेलो तेव्हा झोका संथ चालला. मग ती पुढं तर मी मागं असं केलं, तसे हाताला हिसके बसू लागले.

"ताई, खांदा निखळेल गं माझा!"

"झोके दोन, तऱ्हाही दोन," मी धापा टाकत म्हणाले. "ऑर्बिटलंही दोनच होतात, अण्णा. एकात लाटांची बेरीज. इलेक्ट्रॉन अणूंच्या मधे दाटतात, दोघांना धरून ठेवतात, ऊर्जा कमी. दुसऱ्यात वजाबाकी. मधली जागा ओस, ऊर्जा जास्त. हायड्रोजनचे दोन्ही इलेक्ट्रॉन खालच्यात बसतात, म्हणून रेणू टिकतो."

अण्णांनी उलटतपासणी सुरू केली. "खालच्यात मावतात किती?"

"दोनच."

"म्हणजे दोन अणूंचे मिळून चार असले, तर दोघांना वर जावं लागणार. खाली कमावलं ते वर गेलं. त्यांचं जमायचं नाही!"

"नाहीच जमत. तो हेलियम. एकटाच राहतो."

हे त्यांनी स्वतः काढलं होतं! त्या आनंदात आईला ओसरीवर बसवून त्यांनी सगळं पहिल्यापासून समजावलं.

"कळलं हो," आई म्हणाली. "मला झोक्यावर बसवू नका म्हणजे झालं."

वाईला नकार कळवला गेला. सांगलीच्या मोटारीत मला बसवताना अण्णा खिडकीशी वाकले. "तू म्हणालीस, कार्बन एकाच वेळी चौघांशी जमवतो. दिवाळीला येशील तेव्हा ते कसं, नीट समजून ये. त्यावर मला बरंच विचारायचं आहे."