श्वास धरायला लावणाऱ्या मॅडम

मॅडमनी माइक हातात घेतला की अख्ख्या हॉलला श्वास रोखावा लागायचा. आपल्या जुनाट मोबाइलवर त्या कुणाची तरी वेबसाइट उघडायच्या आणि ओरडायच्या, "धरा श्वास! पान उघडलं की सोडा!" पान चटकन उघडलं तर टाळ्या. नाही उघडलं तर सगळे लालबुंद, आणि ज्याने ती वेबसाइट बनवली तो सगळ्यांत लाल. "गिऱ्हाईक तुमच्यासाठी एवढंच थांबतंय," असं म्हणून मॅडम शांतपणे पाणी प्यायच्या.

धाराशिवात वेबसाइट बनवणारे आम्ही थोडे, आणि आमची गिऱ्हाइकं म्हणजे दुकानदार. दोघांना समोरासमोर बसवायची कल्पना मॅडमचीच. दर महिन्याला एका मंगल कार्यालयाच्या पंगतीच्या हॉलमध्ये आमचा मेळावा भरायचा. शेजारी लग्न असलं तर बँडवर मात करत मॅडम शिकवायच्या. "गिऱ्हाईक एका हातानं एसटीचा दांडा धरून हाय. राहिलेल्या अंगठ्याला जमंल तेवढंच पानावर ठेवा!"

ढोकीच्या एका ट्रॅक्टर-पार्टवाल्या शेठनी वेबसाइटवर स्वतःचे गॉगलमधले फोटो फिरते ठेवले होते. मॅडमनी ते सगळे निरखून बघितले. "शेठ, तुम्ही दिसता लई झ्याक. पण तुम्ही विकायला हाय का?" हॉलमध्ये हशा पिकला. शेठ स्वतःच इतके हसले की खुर्चीसकट मागे गेले.

भूमच्या सुनंदाताई मात्र कधी हसायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. व्यापाऱ्याने त्यांचा खवा घेणं थांबवलं होतं. वेबसाइट चालली नाही तर म्हशी विकायच्या, असं घरात ठरलं होतं. ती वेबसाइट मी बनवलेली, झकपक इंग्रजीत. मॅडम ताईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "ताई, मला कानात सांगा, तुमचा खवा कसा असतो?" ताई कुजबुजल्या आणि मॅडमनी ते मोठ्याने सांगत माझ्याकडून जसंच्या तसं टाइप करून घेतलं, "आमच्या म्हशी आमच्याच रानात चरत्यात. खवा पहाटं आटवतो. दुपारच्या गाडीनं पाठवतो." खाली फोन करायचं एक ठळक बटण ठेवलं. बाकीचं सगळं पुसलं.

पुढच्या मेळाव्यात मॅडम रंगांवर बोलत असताना ताईंचा फोन वाजला. त्या गोंधळून उभ्या राहिल्या. "मॅडम, हैदराबादवरनं खवा मागतायत! वेबसाइट बघून! काय सांगू?"

"व्हय म्हणा की हो!" सगळा हॉल एकदम ओरडला. शेजारच्या लग्नातला बँड नेमका त्याच वेळी सुरू झाला आणि ढोकीचे शेठ चक्क नाचले. म्हशी घरीच राहिल्या.

मग मॅडमच्या लेकीला नागपुरात जुळं झालं आणि मॅडम कायमच्या तिकडे निघाल्या. स्टेशनावर आम्ही सगळे जमलो. गाडीच्या दारातून त्या डाफरल्या, "तोंडं कशाला पाडलीत? नागपूरला चाललेय, स्वर्गात न्हाय!" एवढं म्हणून त्यांनीच पदराने डोळे टिपले.

पुढच्या महिन्यात आम्ही हॉलमध्ये जमलो खरे, पण माइकजवळ कुणी जाईना. मेळावा आता बंदच पडणार, असं मी मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून सुनंदाताई उठल्या. डोक्यावरचा पदर सावरत पुढे आल्या, माइक उलटा धरला, मग सुलटा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"बसा समदे. आज मी बोलणार हाय."